उत्तर: ‘नो वरीज’ला एस्पेरांतोत काय म्हणायचं?

एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत ‘नो वरीज’ला सरसकट ‘ने झोर्गू’ (‘काळजी करू नको’) म्हणावं, हे आधीच्या एका उत्तरात सुचवलेलं मला पटत नाही. समोरचा खरंच घाबरलेला असेल तर ‘ने झोर्गू’ अगदी बरोबर. पण त्याने माफी मागितली असेल, तर तिथे ‘ने ग्रावास’च हवं. ‘ने’ म्हणजे नाही. ‘ग्रावा’ म्हणजे गंभीर, महत्त्वाचं. त्यालाच वर्तमानकाळाचा ‘-आस’ लावला की झालं क्रियापद, कर्ताही लागत नाही. आपलं ‘काही बिघडत नाही’ तसंच. आणि आभारांना उत्तर द्यायचं असेल तर ‘नेदांकिंदे’. त्यातला ‘-इंद-’ योग्यता दाखवतो, म्हणजे ‘आभार मानण्याएवढं काही नाही’.

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माझ्या पिशवीचा धक्का लागून एका बाईंच्या वाट्यातली लिंबं घरंगळली. मी ओशाळून वेचायला वाकले, तर त्या म्हणाल्या, “कांय जावंक ना गो.” म्हणजे कोकणीत ‘काही झालं नाही गं’. तिथे ‘काळजी करू नको’ कुणीच म्हणणार नाही. मला तेव्हा लगेच ‘ने ग्रावास’ आठवलं.

आणखी एक, जे इथे अजून कुणी लिहिलेलं नाही: ‘झोर्गी’त (‘झोर्गू’चं मूळ क्रियापद) चिंता करणं आणि जपणं, दोन्ही येतं. आपल्या ‘काळजी’सारखंच! फक्त आपल्याकडे ‘करणे’ आणि ‘घेणे’ने फरक कळतो, तिथे संदर्भावरून ओळखावं लागतं. म्हणून ‘मुलाची काळजी करू नकोस’ या अर्थी ‘ने झोर्गू प्री ला इन्फानो’ लिहिताना जपून. ‘मुलाची काळजी घेऊ नकोस’ असाही अर्थ निघू शकतो.