टी-शर्टवर हसू न येणारे फौजी

माजी_हवालदार: काल इथे एकाने लिहिलं, "अंडर आर्मर या खेळाचे कपडे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये एक टी-शर्ट काय काढला, अमेरिकेतले माजी सैनिक रडायला लागले. फौजींची कातडी एवढी नाजूक?" रात्री झोप नाही आली, म्हणून लिहितोय. शर्टवर इवो जिमाचा फोटो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्या जपानी बेटावर झेंडा उभारणारे अमेरिकन मरीन सैनिक, फक्त झेंड्याच्या जागी बास्केटबॉलचा खांब उभारणारी पोरं. नाव 'बँड ऑफ बॉलर्स'. मुहूर्त मेमोरियल डेच्या, त्यांच्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, तोंडावरचा! झेंडा लावणाऱ्या सहांपैकी तिघे महिनाभरात त्याच बेटावर मारले गेले. उलट्या रायफलीवर टांगलेल्या, गेलेल्या सोबत्याच्या हेल्मेटपुढे मी दोनदा उभा राहिलोय. त्या हेल्मेटात उद्या कुणी बिअर ओतलेली छापली तर हसू का?

चष्मिस: कंपनीने माफी मागून शर्ट मागे घेतला, संपलं. आणि तो फोटो दुसऱ्या झेंड्याचा आहे, पहिला आधीच लावून झाला होता. सहांतली नावंसुद्धा मरीन कोरने २०१६ आणि २०१९ ला दुरुस्त केली. फोटोची एवढी पूजा कशाला?

माजी_हवालदार: नाव चुकलं म्हणून मेलेला परत येतो का?

सोसायटी_सेक्रेटरी: अमेरिकेचं राहू द्या हो. आमच्याकडे वॉचमनपासून गणपती मंडळाच्या पोरांपर्यंत सगळे मिलिटरी पँटीत! पठाणकोटचे हल्लेखोर लष्करी वेशातच आले होते. बंदी घाला.

कापडवाला_सातारा: घाला की. अकरा वर्षं विकतोय. गिऱ्हाईक कोण? ट्रकवाले, गवंडी, भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं. मळ दिसत नाही, चार पावसाळे टिकते. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १४० वाचा: सैनिक असल्याचं भासवायला घातली तर गुन्हा, तेव्हा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भिंत बांधताना कोण काय भासवतंय?

सोसायटी_सेक्रेटरी: २०२२ च्या नव्या गणवेशाचं डिझाइन लष्कराने नोंदवून घेतलंय, ते उगाच का?

कापडवाला_सातारा: ते मी ठेवतच नाही. आणि २०१९ ला धोनीच्या ग्लोव्हजवर पॅरा कमांडोंचं बलिदान चिन्ह होतं तेव्हा तुम्हीच टाळ्या पिटल्या असतील.

चष्मिस: धोनी आला, आता धागा गेला. हवालदारसाहेब, फौजी स्वतःची टिंगल कमी करतात का?

माजी_हवालदार: करतात. बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, मी सीओसाहेबांची, आमच्या कमांडिंग ऑफिसरची, नक्कल करायचो, ते समोर बसून हसायचे. पण 'शोक शस्त्र'ची, म्हणजे शहिदाला मानवंदना देताना रायफल उलटी धरण्याच्या हुकमाची, नक्कल अठरा वर्षांत एकानेही केली नाही. कुणी मनाई केली नव्हती. मिलिटरी पँटीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, त्या सेक्रेटरींना सांगा.

चष्मिस: बरं, मेमोरियल डेचा मुहूर्त गाढवपणाचा होता. एवढंच मान्य. कातडीबद्दल नाही.

कापडवाला_सातारा: खरं सांगू? हेल्मेट-रायफलीचा एक शर्ट माझ्याकडेही आलाय, खाली लिहिलंय 'सोमवार सकाळ'. आठ उरलेत. एवढं लागत असेल तर विकत घ्या आणि जाळा. घाऊक भावात देतो.

माजी_हवालदार: दुकान कुठे? आणि घाऊक म्हणजे किती, ते आधी बोला.