कणकुंबीजवळ पाचोळ्यात लाल शेपटीची सापसुरळी दिसली, केरळातली ती हीच काय?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या अलीकडं. घरामागं फणसाची तीन झाडं आणि तिथूनच जंगल सुरू होतंय. परवा वळीव पडून गेल्यावर आई काटक्या वेचायला गेली आणि पाचोळ्यात सळसळलं म्हणून तिनं मला हाक मारली, जाऊन बघतोय तर बोटभर लांबीची सापसुरळी, अंग काळपट, त्यावर फिक्या रेघा आणि शेपटी पिकलेल्या तोंडल्यासारखी लालभडक. पळताना पाय जवळजवळ वापरलेच नाहीत तिनं, वळवळत पानांखाली शिरली, वर एक पान तेवढं हललं. दोन फोटो मिळाले, त्यातला एक बरा आलाय.

नेटवर शोधलं तर केरळातली पाचोळ्यात राहणारी सापसुरळी सापडली, शास्त्रीय नाव स्फेनोमॉर्फस दुस्सुमिएरी, तिच्याही शेपटीवर तांबूस केशरी रंग होता. ती आमच्याकडं येते काय? पाऊस तर इथंपण धो धो पडतोय, जंगल हिरवं आहे, मग का येऊ नये? आणि शेजारचे काका म्हणालेत ही भयंकर विषारी, मारून टाक. मी मारू दिली नाही, पण घरात लहान पोरं आहेत, तेवढं खात्रीनं सांगा की.

पाऊलवाट_बेळगाव
मारू दिली नाहीस ते फार बरं केलंस दादा. काकांना निश्चिंत सांग, सापसुरळीला विष नसतं. नुसती सापसुरळीच नव्हे, भारतात सापडणारा एकही सरडा, पाल, घोरपड विषारी नाही.

आता फोटो. मोठा करून बघितला. पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात किती अंतर आहे बघ, आणि पाय किती आखूड! अंग सडपातळ, अंगावर लांब रेघा, शेपटी लाल. हे ठिपकेवाल्या सापसुरळीचं पिल्लू आहे, रिओपा पंक्टाटा. मोठं झालं की शेपटीचा लाल रंग जातो आणि रेघांच्या जागी ठिपक्यांच्या ओळी उरतात, त्यामुळं पिल्लू आणि मोठी एकच जात आहे हे लोकांना पटतच नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्येच हिला नाव दिलंय आणि ती भारतभर आहे, श्रीलंकेतही आहे, कुंडीखाली, दगडाखाली, शहरातल्या बागेत सुद्धा.

दुस्सुमिएरी वेगळी दिसते. पाय चांगले लांब, कुशीवर डोळ्यापासून मागं जाणारा रुंद गडद पट्टा, आणि खवले गुळगुळीत. आपल्याकडं पायवाटेवर उन्हात बसलेल्या तांबूस तपकिरी सापसुरळ्या दिसतात त्या युट्रोपिस गटातल्या, त्यांच्या पाठीवरच्या खवल्यांना बारीक कंगोरे असतात. पावसाच्या तोंडाला त्यातल्या एका जातीच्या नराचे ओठ तांबडे होतात, तेव्हा नक्की बघ, फार देखणा दिसतो.

जंगलवही
वरच्या उत्तराशी सहमत. पण मूळ प्रश्न चांगला आहे, पाऊस सारखा मग प्राणी वेगळे का, त्यावर थोडं लिहितो कारण मला हा विषय जवळचा आहे.

दुस्सुमिएरी १८३९ मध्ये द्युमेरिल आणि बिब्रों या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवली, ती दक्षिणेकडची, केरळ आणि त्याच्या लगतच्या घाटातली. रिस्टेला म्हणून एक गट आहे, त्यांची नखं मांजरासारखी आत ओढली जातात, आणि कॅस्टलिया गट आहे, तेही दक्षिण सह्याद्रीचे. पाचोळ्यातल्या सरड्यांसाठी एकूण पाऊस किती पडला यापेक्षा कोरडे महिने किती याला जास्त किंमत आहे. केरळाच्या दक्षिण टोकाला जूनचा पाऊस, मग परतीचा, मग वळीव, म्हणजे खरे कोरडे महिने दोन-तीनच. कणकुंबीला तुफान पडतो पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, पुढं सहाएक महिने पाचोळा कुरकुरीत. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर उडतं, आणि सापसुरळीच्या अंड्याचं कवच मऊ असतं, ते आजूबाजूच्या मातीतून पाणी शोषून फुगतं, माती सुकली की अंडं वाया गेलं.

म्हणून उत्तरेकडं एकतर कुठंही जगणाऱ्या जाती दिसतात, नाहीतर ओल धरून राहणाऱ्या अगदी स्थानिक. गोव्यातून १९७६ मध्ये रिओपा गोएन्सिस नावाची सापसुरळी नोंदली गेली, आणि गोवा तर तुमच्या घाटाच्या पायथ्यालाच आहे.

जोयडा_डोंगर
आमच्याकडं उत्तर कन्नडात पाचोळ्याला पातेरा म्हणतात. पानांचा थर म्हणजे नुसता कचरा अशी समजूत आहे लोकांची. सिरसी यल्लापूर बाजूला सुपारीच्या बागेसाठी सोप्पिनबेट्टा, म्हणजे पाला आणायला राखलेला जंगलाचा तुकडा असतो, तिथून हिरवा पाला आणि वाळका पातेरा दोन्ही बागेत आणि गोठ्यात नेतात, ते पिढ्यान्पिढ्या चालू आहे आणि त्यावरच बागा उभ्या आहेत, त्याला मी वाईट म्हणत नाही. पण सगळा पातेरा झाडून नेला की खाली लाल माती उघडी पडते आणि एक किडा सापडत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुद्दाम लावलेली आग त्याहून वाईट, मोठं जनावर पळून जातंय, हे कुठं पळणार?

रात्री टॉर्च घेऊन ओढ्याकाठी फिरून बघा. जमिनीवरून चालणारी पट्टेरी पाल असते, बोटांना घरच्या पालीसारख्या गाद्या नसतात त्यामुळं भिंत चढायचं काम नाही तिचं, पानांवरूनच चालते. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा पाच मिनिटं मी श्वास रोखून बसलो होतो.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना फोटो दाखवला आणि विष नाही म्हणून सांगितलं, अजून पूर्ण पटलं नाही त्यांना पण काठी ठेवली बाजूला.

आज सकाळी परत बघून आलो. तीन फणसांपैकी दोन झाडांखाली आईनं पाचोळा ओढून ढीग केलाय, तिथं काही नाही. तिसरं झाड झऱ्याला लागून आहे, तिथं वरची पानं वाळलेली पण हात घातला की खाली गार, काळी ओल, पांढरी बुरशी आणि वाळवी. तिथंच दोन दिसल्या, एक लाल शेपटीची आणि एक मोठी, ठिपक्यांची. आईला म्हटलं त्या झाडाखालचा पाला राहू दे, ती म्हणाली होय की, मला काटक्या दुसरीकडं मिळतात.