मदत हवी आहे: कॅक्टसच्या कळ्या गळतायत, लवकर सांगा

किनाऱ्यावरची
कॅक्टसला यंदा भरपूर कळ्या आल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या होतात, टोकाला लाली येते आणि गळतात. रोज सकाळी खाली पडलेल्या सापडतात. कीड नाही, भिंग लावून बघितलं. पाणी बेताचंच. खत दिलेलं नाही. झाड माझं नाही, आत्याचं आहे, ती मुलाकडे गेली म्हणून माझ्याकडे ठेवलंय आणि देवदिवाळीला परत येतेय. उरलेल्या कळ्या तरी टिकायला हव्यात. काय फवारू? नेटवर शोधा म्हणू नका, शोधलंय. तिथे सगळं बर्फ पडणाऱ्या गावांचं आहे.

जांभा_चिरा
कोणता कॅक्टस? गोल, उभा, चपटा? गाव कुठलं? कुंडी आत की बाहेर? आणि बेताचं पाणी म्हणजे तांब्याभर की चमचाभर? फोटो टाका.

सुकट_बोंबील
कॅक्टसला पाणी घालताच कशाला? वाळवंटातलं झाड ते. पूर्ण बंद करा. माझा गोल कॅक्टस गणपतीपासून कोरडा आहे, ठणठणीत.

अनंताचं_फूल
ताई, अंधार द्या अंधार! याला रात्र मोठी लागते. संध्याकाळी सहाला वर खोका पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा. दसऱ्यापासून महिनाभर केलं की झाड कळ्यांनी भरतं. ट्यूबलाइट, रस्त्यावरचा दिवा, काही चालत नाही. मी दर वर्षी करते.

किनाऱ्यावरची
फोटो चढत नाहीये, रेंज येते-जाते. काटे नाहीत. चपट्या पेरांची साखळी, खाली लोंबते, पेराच्या कडेला दात आहेत. दापोली तालुका, समुद्राकडची बाजू. कळ्या आल्यात हो, त्या टिकत नाहीत हा प्रश्न आहे.

काटेकोरांटी
दात टोकदार असतील तर श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. कडा नुसती गोलसर नागमोडी असती तर ख्रिसमसला फुलणारा त्याचा संकर म्हटलं असतं. ट्रंकाटा त्याच्या आधी फुलतो.

सुकट_बोंबील, हे झाड वाळवंटातलं नाही. ब्राझीलमध्ये रिओच्या मागे समुद्राला लागून डोंगररांग आहे, तिथल्या दमट जंगलात ते फांद्यांवर वाढतं, आपल्याकडे आंब्याच्या खोडावर आमरी वाढते तसं. झाडाचा रस पीत नाही, नुसता आधार घेतं. मुळं कुजक्या पाल्यात, त्यामुळे ओल लागते आणि निचराही लागतो. कळ्या असताना एकदा खडखडीत वाळलं की आधी कळ्या टाकतं, पेरं वाचवतं.

अनंताचं_फूल, तुमचं खोक्याचं बरोबर, पण ते कळ्या धरण्यासाठी. धरल्यावर अंधाराचं काम संपलं. आता रोज खोका घालून काढून फांद्यांना धक्के मात्र लागतील.

अनंताचं_फूल
मी फुलं येईपर्यंत खोका घालते आणि येतात फुलं.

काटेकोरांटी
येतील ना. खोक्याशिवायही आली असती.

धुक्यातला
आंबोलीत खोका लागत नाही. ७०० मीटर उंचीवर आहोत, ऑक्टोबर संपता संपता रात्री गार होतात आणि गार रात्री मिळाल्या की हे झाड उजेडाचे फार लाड मागत नाही. खाली किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या रात्रीही पारा २३-२४ वर अडकलेला असतो, म्हणून तुमच्याकडे कळ्या उशिरा. ब्राझीलमध्ये हेच झाड मे महिन्यात फुलतं, कारण तिकडचा शरद तेव्हा असतो. एकदा आंबोलीला या, दाखवतो.

तिरफळ
माका वाटला ब्रह्मकमळाचो धागो. आमच्या दारात असा. पावसात एका रात्रीत इतकी फुला इली की अख्खी वाडी बघूक इली, चाय करून करून हात दुखाक लागले. ताव कॅक्टसच ना?

काटेकोरांटी
हो, तोही जंगलातलाच कॅक्टस. पण तो पावसाळ्यात फुलतो, इथला प्रश्न वेगळा आहे.

जांभा_चिरा
मूळ मुद्दा मातीचा आहे. आपली लाल माती कुंडीत घट्ट बसते, पावसाळाभर पाणी धरते, मुळं कुजतात. दिवाळीनंतर ऊन तापलं की अर्ध्या मुळांना पाणी ओढवत नाही, मग कळ्या जाणारच. जांभ्याचा चुरा चाळून त्यातले बारीक खडे, सोडणाचा काथ्या, लाकडी कोळशाचे तुकडे आणि थोडं पालापाचोळ्याचं खत. वाळू हवीच असेल तर पुळणीतली बारीक.

सुकट_बोंबील
पुळणीतली? खारट वाळू कुंडीत घालायला सांगताय?

जांभा_चिरा
पावसाळाभर अंगणात धुऊन निघते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात.

काटेकोरांटी
बांधकामाला वापरतात. नारळाला खारं चालतं, म्हणून याला चालत नाही. आणि कळ्या असताना कुंडी बदलली तर आहेत त्याही जातील. मातीचं काम फुलं झाल्यावर.

घरकुल_शांती
काटेरी झाड घरात ठेवू नये. कुंपणापलीकडे लावा, वाद कमी होतात.

किनाऱ्यावरची
काटे नाहीत असं लिहिलंय वर. आणि माती मला बदलायचीच नाहीये. कळ्या गळायच्या थांबवायला आज काय करू, एवढं एका ओळीत कोणी सांगेल का?

काटेकोरांटी
एका ओळीत: दिवाळीपासून आजपर्यंत काय बदललं ते सांगा. कुंडी हलवली? पाणी कधी घातलं होतं? आजूबाजूला काय आहे?

अनंताचं_फूल
दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, गळलेल्या कळ्या डबीत घालून तिथेच का नाही नेत? जाता जाता आठवलं, शरदात फुलणारं हवं असेल तर लिथॉप्स कोणी घेऊ नका. दगडासारखं दिसतं ते, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचं. पुण्याहून आणलं होतं, आपल्या श्रावणात त्याचं लोणी झालं.

किनाऱ्यावरची
काही बदललं नाही. मागच्या दारी होती, पाडव्याला पुढे पडवीत आणली, झोपाळ्याशेजारच्या वाशाला टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. पडवीला काचा लावून घेतल्यात. शेजारीण म्हणाली कॅक्टस आहे, पाणी कमी कर, म्हणून भाऊबीजेपासून पाणी नाही. आजूबाजूला काही नाही, केळ्यांचा लोंगर टांगलाय तेवढाच.

जांभा_चिरा
"काही बदललं नाही"!

काटेकोरांटी
लोंगर पिकायला लागलाय का? कुंडीपासून किती लांब?

किनाऱ्यावरची
वरच्या फण्या पिवळ्या झाल्यात. हातभर. केळ्यांचा काय संबंध?

काटेकोरांटी
पिकणारं केळं इथिलीन वायू सोडतं आणि या झाडाच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. कळीच्या देठाशी एक थर असतो, तो सैल होतो आणि हिरवी, न सुकलेली कळी सुटून पडते. पडलेली कळी उचलून बघा. आधी सुरकुतली असेल तर पाण्याचं कारण, ताजीतवानी असेल तर वायूचा संशय घ्या. चुलीच्या धुरातही इथिलीन असतं, पडवीच्या टोकाला न्हाणीचा बंब पेटत असेल तर तेही बघा.

सुकट_बोंबील
हे जरा जास्तच होतंय. केळ्याच्या वासाने फुलं गळतात?

जांभा_चिरा
या एका बाबतीत काटेकोरांटींशी सहमत. अढी लावलीय का कधी? पेंढ्यात दोन पिकले आंबे ठेवा, बाकीचे लवकर रंग धरतात. तोच वायू.

सुकट_बोंबील
अढी झाकलेली असते. पडवीत वारा खेळतो.

जांभा_चिरा
काचा लावल्यात, वाचा परत.

किनाऱ्यावरची
काही कळ्या ताज्या आहेत, काही देठाशी सुरकुतलेल्या. म्हणजे दोन्ही? मग कुंडी परत मागच्या दारी नेते.

काटेकोरांटी
नेऊ नका! कुंडी तिथेच राहू द्या, लोंगर हलवा. जागा बदलली की उजेडाची दिशा बदलते, तो आणखी एक धक्का. कुंडी वाशाला फिरत असेल तर दोरीने बांधून एकाच तोंडाने ठेवा. काचा दिवसभर उघड्या, नाहीतर दुपारी आत भट्टी होते. पाणी आज सावकाश घाला, खालच्या भोकातून येईपर्यंत, बशीत साठू देऊ नका. पुढे वरची बोटाच्या पेराएवढी माती सुकली की परत. फवारायचं काही नाही. खतही नाही.

आणि एक. तांदळाएवढी कळी उघडायला अजून काही आठवडे लागतात. देवदिवाळीला आत्याला फुलं दिसणार नाहीत, नशीब असेल तर फुगलेल्या कळ्या दिसतील. गळलेल्यांच्या जागी या मोसमात नव्या येतील असं धरून चालू नका.

तिरफळ
लोंगर खयच्या केळ्यांचो?

किनाऱ्यावरची
वेलचीचा. विहिरीकडच्या खोपीत नेऊन टांगला. पाणीही घातलं.

किनाऱ्यावरची
कळवायचं राहिलं. गळणं कमी झालंय, आज सकाळी खाली एकही नव्हती. झाडावर अर्ध्याहून थोड्या कमी कळ्या उरल्यात. आता दुसरा प्रश्न: आत्याला न कळता दोन पेरं तोडून मला माझं झाड करता येईल का?

काटेकोरांटी
येईल, पण फुलं होऊन गेल्यावर. दोन-तीन पेरांचा तुकडा सांध्यात हलकेच पिळून काढा, कापू नका. सावलीत दोन दिवस ठेवा, तोंड सुकलं की खडे-काथ्याच्या मिश्रणात खालचं पेर अर्धं पुरा. मुळं धरेपर्यंत नुसता ओलावा. आत्याला कळेलच. तिला विचारूनच घ्या, लोंबणाऱ्या झाडाला तेवढी छाटणी मानवते.

जांभा_चिरा
मिश्रणात पुळणीतली वाळू

काटेकोरांटी
नको.

सुकट_बोंबील
एवढं चाललंच आहे तर, माझ्या गोल कॅक्टसला आजवर एकही फूल का नाही ते सांगा.

काटेकोरांटी
वेगळा धागा काढा. जात, गाव, ऊन किती तास, कुंडी कुठे, हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.