माजी राजदूतांची व्याख्यानं कमी करून तो वेळ इंटर्नशिप आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांना द्यावा का?

तिसरा बाक:
आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागातलं नेहमीचं व्याख्यान बघा. नव्वद मिनिटांतली वीस दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि परिचयात जातात. पुढचा तासभर 'मी मॉस्कोत असताना'. उरलेल्या दहा मिनिटांत पहिला प्रश्न विभागप्रमुखांचा. मुलांच्या हाती काय लागतं, तर ग्रुप फोटो. माझं म्हणणं, ही व्याख्यानं निम्मी करा आणि त्या वेळात मुलांकडून अर्ज भरून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपसाठी पदवी झालेली लागते, वयाची अट २५ ची, मानधन महिना १०,००० रुपये. दिल्लीत राहायचं स्वतःच बघायचं. हे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कळलं तर उपयोग. निकाल लागल्यावर कळून काय करणार?

पारपत्र:
असहमत. खोट व्याख्यानात नाही, विषय देण्यात आहे. 'भारताचं परराष्ट्र धोरण' एवढंच पत्रात लिहिलं तर पाहुणा आठवणीच सांगणार. त्याऐवजी विचारा: २०१७ मध्ये श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं, तेव्हा दिल्लीपुढे कोणते पर्याय होते? मग निर्णय कसे होतात ते ऐकायला मिळतं, आणि ते पुस्तकात नसतं. आठवडाभर आधी मुलांना दोन पानांचं टिपण द्या. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, सूत्रसंचालकाने पाच निवडावेत. माइक फिरवला की प्रश्नाच्या जागी भाषण येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय ओळखी होतात, शिफारसपत्राची सोय होते.

तिसरा बाक:
टिपणाचं मान्य. शिफारसपत्राचं मुळीच नाही. चहाच्या टेबलावर दहा मिनिटं भेटलेल्या राजदूताचं पत्र म्हणजे नुसतं लेटरहेड. निवड समितीला तुमचा प्रबंध वाचलेला, त्यातली चूक दाखवलेला शिक्षक हवा असतो.

अर्ज अडतात ते भलत्याच ठिकाणी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. अर्जात तिसराच क्रम. मग प्रतिज्ञापत्रासाठी धावाधाव, तीही मुदतीच्या आठवड्यात. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत तपशील, तोही तेव्हाच मागायला जातात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पदवीनंतर लगेच अर्ज करणं व्यर्थ. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीला अनुभवाची तशी सरसकट अट नाही आणि महिना १,४०० युरो मिळतात, पण प्रत्येक अभ्यासक्रमाची मुदत वेगळी. अनुसूचित जाती वगैरे घटकांतल्या मुलांना परदेशात शिकण्यासाठी असलेल्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास वगळला होता. विषयाचं शीर्षक ठरवण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचायला नकोत?

कोरा कागद:
तुम्ही दोघंही भाषेबद्दल अवाक्षर काढत नाही, गंमत आहे. चीनवर प्रबंध आणि संदर्भ सगळे इंग्रजी! चिनी वृत्तपत्रांच्या इंग्रजी आवृत्त्या बाहेरच्या वाचकासाठी असतात. घरच्या वाचकाला काय सांगितलं जातं ते मूळ भाषेतच सापडतं. पुण्यातल्या मुलांना रानडे इन्स्टिट्यूटमधले विद्यापीठाचे भाषावर्ग हाताशी आहेत. गोव्यात पोर्तुगीज शिकता येतं, आणि ब्राझील, अंगोला, मोझांबिक या तिन्ही देशांचा कारभार त्याच भाषेत चालतो. पहिल्या वर्षापासून रोज एक तास द्या. तिसऱ्या वर्षी सुरुवात केली तर अर्जात 'प्राथमिक ज्ञान' एवढंच लिहाल.

पारपत्र:
भाषेचं पटलं, पण भाषा आली म्हणून संधीचं दार उघडतंच असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते आणि जिनिव्हातलं भाडं खिशातून भरावं लागतं. कुठे जाणं परवडतं आणि कुठे नाही, हे तिथे काम केलेला माणूसच नीट सांगतो, म्हणूनच त्याला बोलवायचं. दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळाची वीस मिनिटं खुशाल अर्जांना द्या. माझ्या नव्वदातल्या उरलेल्या सत्तरांना हात लावू नका.