राजेशाहीची शपथ, ईटिंग डिसऑर्डर आणि आपले आमदार

स्नेहल_डोंबिवली
मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझी भाची अकरावीत आहे, तिला अ‍ॅनोरेक्सियाचं निदान झालंय (खाणंच टाळत जाण्याचा मानसिक आजार), आणि तेव्हापासून मी मिळेल ते वाचत असते. नणंद कार्डिफला असते, तिच्याकडून वेल्सच्या बेथन सय्यद यांच्याबद्दल कळलं (आधीचं आडनाव जेन्किन्स). प्लेड कम्री या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाच्या, 2007 ते 2021 तिथल्या विधिमंडळात होत्या. ईटिंग डिसऑर्डरवर (खाण्याशी जोडलेल्या अशा आजारांवर) सर्वपक्षीय गट चालवला, पेशंट आणि आईवडलांना बोलावून त्यांचं म्हणणं सरकारच्या कानावर घातलं, वर्षानुवर्षं तोच विषय लावून धरला. 2009 मध्ये वेल्स सरकारने या आजाराच्या सेवांसाठी आराखडा काढला, 2018 मध्ये त्याचा तज्ज्ञांकडून आढावा घेतला. तरी प्रौढ पेशंटना स्पेशल वॉर्डात अ‍ॅडमिट करायची वेळ आली की इंग्लंडला पाठवायचे, म्हणजे घर एकीकडे आणि आजारी पोर दुसरीकडे.

आता मुद्दा असा की या बाई राजेशाही न मानणाऱ्या, आणि तिथे निवडून आलं की राणीच्या (आता राजाच्या) निष्ठेची शपथ घ्यावीच लागते. आमचे हे म्हणतात की तत्त्व म्हणजे तत्त्व, मानत नाही तर शपथ घ्यायची नाही आणि खुर्चीही घ्यायची नाही. मला ते पटत नाही, कारण बाई आत गेल्याच नसत्या तर त्या मुलींसाठी बोललं कोण असतं? तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्या मुंबईत या आजाराबद्दल सभागृहात कोणी बोलतं का? भाचीचा डबा रोज कॉलेजला जातो आणि पोळ्या टिश्यूमध्ये गुंडाळलेल्या कपाटामागे सापडतात, बहीण पार खचलीय.

गिरगावकर
स्नेहलताई, तुमचं बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत. वेल्सचा नियम कडक आहे, निवडून आल्यापासून साधारण दोन महिन्यांत शपथ घेतली नाही तर जागा जाते आणि तोवर सभागृहात बोलता येत नाही, पगारही नाही. देवाचं नाव नको असेल तर नुसतं प्रतिज्ञेवर भागतं, पण राजा काही सुटत नाही. त्यांच्याच पक्षाच्या लीअ‍ॅन वुड यांनी 2004 मध्ये राणीला भर सभागृहात ‘मिसेस विंडसर’ म्हटलं म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं, म्हणजे शपथ घेऊनही मत काही गिळलं नाही बाईंनी. राजेशाही न मानणारे खासदार टोनी बेन तर वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटात, निषेध नोंदवून शपथ घ्यायचे. शिन फेन या आयरिश पक्षाचे खासदार घेतच नाहीत, निवडून येतात आणि वेस्टमिन्स्टरच्या सभागृहात बसत नाहीत, त्यांच्या मतदारांना ते आधीपासून ठाऊक असतं म्हणून तो वेगळा हिशोब आहे.

आणि या भांडणाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ, नास्तिक माणूस, 1880 मध्ये नॉर्थॅम्प्टनहून निवडून आला, शपथेवरून त्याला बसू दिलं नाही, अटकसुद्धा झाली, लोक पुन्हा पुन्हा त्यालाच निवडून देत राहिले, शेवटी 1886 मध्ये जागा मिळाली आणि 1888 मध्ये प्रतिज्ञेचा कायदा त्याने करून घेतला. तोच ब्रॅडलॉ 1889 मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला आला होता, हिंदुस्थानचे प्रश्न तो पार्लमेंटात मांडायचा. आत शिरल्यावरच ना हे सगळं करता आलं!

सिस्टर_परळ
शपथेचं मला फारसं कळत नाही, मी पालिकेच्या हॉस्पिटलात सायकियाट्री वॉर्डला होते, त्याबद्दल लिहिते. स्नेहलताई, आपल्याकडच्या कित्येक मुली ‘मला जाड व्हायचं नाही’ असं म्हणतच नाहीत. पोट फुगतं म्हणतात, अ‍ॅसिडिटी म्हणतात, भूकच नाही म्हणतात, नाहीतर सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपास वाढवत नेतात आणि घरचे कौतुक करतात की पोर किती धार्मिक आहे. मग पोटाच्या डॉक्टरांकडे तपासण्या होतात, पाळी थांबली म्हणून गायनॅककडे जातात, आणि मानसोपचार ओपीडीत येईपर्यंत पोरीचं पार चिपाड झालेलं असतं.

हा जीवावरचा आजार आहे, नखरा नाही, हे बहिणीच्या सासरच्यांनाही सांगा. उलट्या करत असेल तर पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. फार दिवस उपाशी राहिलेल्या पोरीला एकदम भरपेट खायला घातलं तरी फॉस्फेट घसरून धोका होतो, म्हणून ‘घरी नेऊन तूप-रोटी चारा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका, खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवतात. चक्कर, छातीत धडधड असं काही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी. वॉर्डात आम्ही अर्धी वाटी वरणभातासाठी पेशंटशेजारी बसून राहायचो, शेवटच्या घासाला ती रडायची, आणि जेवण झाल्यावरही थोडा वेळ बाथरूमला एकटीला सोडायचो नाही. एवढं मनुष्यबळ लागतं, ते मिळत नाही. मानसोपचार एका मजल्यावर, मेडिसिन दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, डाएटिशियन अमुक वारीच, आणि आई केस पेपर घेऊन धावतेय. एका छताखाली टीम असती तर अर्ध्या मुली मध्येच उपचार सोडून गेल्या नसत्या असं मला मनापासून वाटतं. बहिणीला रात्रीबेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, चोवीस तास.

अ‍ॅड_विक्रोळी
आपल्याकडे शपथ संविधानाच्या निष्ठेची असते, ईश्वरसाक्ष घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक. आणि आमदार शपथ न घेता सभागृहात बसला किंवा त्याने मतदान केलं तर संविधानाच्या कलम 193 प्रमाणे दिवसाला पाचशे रुपये दंड. माणसाशी निष्ठा नाही, हा फरक लहान नाही. उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळात राजाची शपथ नाहीच, क्वेबेकने 2022 मध्ये सक्ती काढून टाकली, म्हणजे बदलता येतं. गिरगावकर, तुमच्याशी एवढ्यापुरता मतभेद की आत जाण्यासाठी खोटं बोलायला लावणारा नियम हाच आधी जायला हवा, निषेध नोंदवून भागत नाही.

पण स्नेहलताईंचा खरा प्रश्न दुसरा आहे. आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, कलम 18 प्रमाणे सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा आणि विमा लोकपालाकडे जा.

स्नेहल_डोंबिवली
सिस्टर, तुमचं उत्तर जसंच्या तसं बहिणीला पाठवलं, तिचा लगेच फोन आला, उपासांचं वाचून गप्पच झाली होती. उद्या ईसीजी आणि रक्त तपासायला नेतोय. वकीलसाहेब, आमदारांना लिहायचं तर नेमकं काय मागायचं?

अ‍ॅड_विक्रोळी
तारांकित प्रश्न विचारायला सांगा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. मुंबईतल्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत या आजाराच्या किती पेशंटची नोंद झाली, खास त्यांच्यासाठी खाटा किती, आणि मानसोपचार, मेडिसिन, डाएटिशियन यांची एकत्र ओपीडी कुठे चालते, एवढंच विचारा. मसुदा मी रविवारी टाकतो, ज्यांना आपापल्या आमदारांना द्यायचाय त्यांनी इथेच मतदारसंघ लिहा.

सिस्टर_परळ
त्यात नर्सची पदं किती रिकामी आहेत तेही घाला हो. माझा मतदारसंघ शिवडी.