शेजारच्या आजींची यिडिश पुस्तकं, चौदा खोकी. काय करू?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. खालच्या मजल्यावरच्या आजी मार्चमध्ये गेल्या. मुलगा कॅलिफोर्नियाहून येऊन घर रिकामं करून गेला. फर्निचर गेलं, भांडी गेली, पुस्तकं राहिली. त्याला ती वाचता येत नाहीत, मलाही नाहीत. पण पुस्तकं कचऱ्यात टाकायला हात धजावेना, म्हणून चौदा खोकी सध्या आमच्या हॉलमध्ये आहेत. पुढच्या रविवारी सासूसासरे पुण्याहून येताहेत. बाकी तुम्ही समजून घ्या.

आजी घरी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलायच्या एवढंच ठाऊक आहे. लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. त्यामुळे मी पहिले दोन दिवस प्रत्येक पुस्तक शेवटाकडूनच उघडत होतो. काहींवर न्यूयॉर्क, काहींवर वॉर्सा आणि व्हिल्ना (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) छापलंय. कागद पिवळा पडलाय, कोपरे पापडासारखे मोडतात. एका खोक्याला बुरशीचा वास आहे. एक जाडजूड पुस्तक वेगळंच आहे: हाताने काढलेला गावाचा नकाशा, शाळेतल्या मुलांचे फोटो आणि शेवटी पानंच्या पानं नुसत्या याद्या. पत्रंही आहेत एका बिस्किटांच्या डब्यात.

मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टच्या यिडिश बुक सेंटरला (ही संस्था जुनी यिडिश पुस्तकं जमवते) कुणी पुस्तकं दिली आहेत का? सगळी घेतात का? आणि यातलं यिडिश कोणतं, हिब्रू कोणतं, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं?

प्रतिसाद, जुना_कागद:
मी बॉस्टनजवळ असतो, तिथे दोनदा जाऊन आलोय. अ‍ॅरन लॅन्स्की या २४ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९८० मध्ये हे काम सुरू केलं, कारण त्याला अभ्यासाला पुस्तकंच मिळेनात. जगात सगळी मिळून ७० हजार यिडिश पुस्तकं उरली असतील, असं तेव्हा जाणकार म्हणायचे. आज जमलेला आकडा १० लाखांच्या पुढे आहे. त्यातली बरीचशी तुमच्या आजींसारख्यांच्या घरांतूनच आली. हजारो पुस्तकं स्कॅन करून नेटवर फुकट ठेवली आहेत. शोलेम अलेखेम, पेरेत्झ या नावाजलेल्या यिडिश लेखकांचे संच त्यांच्याकडे ढिगाने असणार, पण काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. आधी फोन करा. शनिवार टाळा, शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) असतो.

ओळखायचं असं. मराठी-हिंदीची लिपी एक, तसंच हे. हिब्रूत स्वर बहुधा लिहीतच नाहीत, यिडिशमध्ये स्वरांनाही अक्षरं असतात. 'आयिन' हे अक्षर नेटवर बघून घ्या. यिडिशमध्ये ते 'ए'साठी येतं, त्यामुळे ओळीओळीत दिसतं. अक्षरांखाली सगळीकडे टिंबं-रेघा असतील तर बहुधा हिब्रू प्रार्थनापुस्तक. ती जवळच्या सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) द्या. देवाचं नाव असलेली जीर्ण पुस्तकं फेकत नाहीत, दफनभूमीत पुरतात. आपण पोथ्या विसर्जित करतो ना, तसंच.

बुरशीचं खोकं आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा, उघडताना मास्क लावा. फाटलेल्या पानांना सेलोटेप अजिबात नको. कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लामुळे तुटतो. आपल्याकडची जुनी मासिकं तुटतात ती त्यामुळेच.

आणि ते नकाशावालं पुस्तक इतरांत मिसळू नका. ते 'यिझकोर बुक' असावं. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या कत्तलीतून वाचलेल्या गावकऱ्यांनी आपल्या नष्ट झालेल्या गावाची स्मृती म्हणून अशी पुस्तकं काढली. शेवटच्या याद्या मारल्या गेलेल्यांच्या असतात. देण्याआधी आजींच्या मुलाला एकदा विचारा. पत्रांसाठी न्यूयॉर्कच्या यिव्होला (यिडिश आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंवरच्या संशोधन-संग्रह संस्थेला) लिहा. ही संस्था १९२५ साली व्हिल्नात सुरू झाली. नाझींनी तिथल्या ज्यू लेखकांना कोणती पुस्तकं ठेवायची, कोणती नष्ट करायची ते निवडायला जुंपलं, तेव्हा ती वाचवायला त्यांनी अंगावरच्या कपड्यांत कागद लपवून घेट्टोत (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) नेले. यिडिश कवी सुत्झकेवर त्यांच्यातलाच.

प्रतिसाद, पेणचा_पोहेवाला:
अवांतर: आपल्या बेने इस्राएलांचीही (कोकणातल्या मराठी ज्यूंची) जुनी मराठी पुस्तकं आहेत. १८७४ ची पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हागादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) बघा, चित्रांतल्या बायका साडी नेसून वल्हांडणाच्या भाकऱ्या करताहेत.

धागाकर्ता:
खूप आभार. आयिन सापडलं, बारा खोकी यिडिशच निघाली. मुलाला नकाशाचा फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला, ते पुस्तक आणि पत्रांचा डबा पाठवून दे म्हणाला. बाकीची घेऊन गुरुवारी अ‍ॅमहर्स्टला निघतोय, तीनेक तासांचा रस्ता आहे. एडिसनच्या आसपासच्या कुणाकडे मोठी गाडी आहे का? पेट्रोल आणि जेवण माझ्याकडे.