मदत हवी आहे: स्विफ्टला धुवून वापरायचा एअर फिल्टर कुठला घेऊ?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. स्विफ्टला धुवून परत बसवता येणारा एअर फिल्टर घ्यायचाय, कुठला चांगला ते सांगा. कागदाचा घालून घालून वैताग आलाय, नवा घातला की महिन्याभरात बघावं तर लालभडक. ऑनलाइन बघितलं तर कापसाचा, फोमचा, स्टील जाळीचा, तेल लावायचा, बिनतेलाचा, डोकं फिरायची पाळी. रविवारी गाडी मेस्त्रीकडं न्यायची आहे, त्याच्या आत ऑर्डर टाकायला पाहिजे. पैशाचं नंतर बघू, आधी कुठला ते सांगा.

निपाणी_रायडर
के अँड एन कंपनीचा, तेल लावायचा कापसाचा. दुसरं काही बघूच नका. एकदा घातला की गाडी विकेपर्यंत काळजी नाही. माझ्या गाडीचा पिकअपच बदलला, हायवेला तवंदी घाटात जाणवतो सरळ.

मेस्त्री_उद्यमबाग
पेट्रोल का डिझेल? कुठल्या सालची? आणि रोज कुठं जाता?

खानापूरचा_पोरगा
अहो स्विफ्ट म्हटलं की. पांढरी आहे. वरचं मॉडेल.

टिळकवाडीकर
रंग कोण विचारला ओ 😀 पेट्रोल का डिझेल ते सांगा, उत्तर त्याच्यावरच आहे.

खानापूरचा_पोरगा
डिझेल, २०१४. रोज खानापूर ते मच्छे. पण घर आतल्या गावात आहे, तिथनं मेन रोडपर्यंत कच्चा रस्ता, आणि आठवड्यातनं एकदा रामनगरकडं कामाला जावं लागतं. त्या रस्त्याचं काय सांगू, पुढं टिप्पर असला की काच बंद करूनसुद्धा दातात माती लागते.

चिकोडी_अण्णा
आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ होता. खाली वाटीत इंजिन ऑइल, हवा त्याच्यावरनं वळून जायची, माती तेलात बसायची. ऊस ओढायच्या सीझनला आठवड्याला वाटी सोडायची, गाळ फेकायचा, नवीन तेल घालायचं. पंधरा वीस वर्षं चालला. आता सगळं फॅन्सी करून सोडलेत.

निपाणी_रायडर
अण्णा, स्विफ्टला ऑइल बाथ कुठनं बसवणार ओ.

चिकोडी_अण्णा
बसव म्हणून कोण म्हटलं? चांगला होता म्हणून सांगालोय.

टिळकवाडीकर
मुद्द्यावर येतो, जरा लांबेल. १.३ डिझेलला फिल्टरच्या लगेच पुढं एअर फ्लो सेन्सर असतो, आत तापलेला नाजूक भाग, किती हवा गेली ते त्याच्यावरनं कळतं. कापसाच्या फिल्टरला लाल तेल लावावं लागतं, त्याच्यावरच माती चिकटते. लोक धुतल्यावर हात सैल सोडून तेल ओततात, जास्तीचं तेल हवेबरोबर सेन्सरवर जाऊन बसलं की रीडिंग चुकतं, गाडी काळा धूर मारते नाहीतर पिकअप मरतो. तेल नीट मोजून लावलं तर हे होत नाही हेही खरं, पण आपल्याकडं मोजून लावणारा किती जण?

दुसरं, धूळ अडवायचं काम. चांगला कागद ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो, कापसाचा ९६ ते ९९ च्या मधे कुठंतरी. ऐकायला फरक किरकोळ, पण हिशेब उलटा करून बघा. एकातनं शंभरातला अर्धा भाग पलीकडं जातो आणि दुसऱ्यातनं दोन भाग, म्हणजे इंजिनात चौपट माती. आणि खानापूरची लाल माती पिठासारखी बारीक, तीच सगळ्यात वाईट.

निपाणी_रायडर
म्हणजे जगात लाखो लोक घालतात ते सगळे येडे? कंपनी ८० हजार किलोमीटरपर्यंत धुवायलाच नको म्हणते. मायलेजपण वाढतं.

टिळकवाडीकर
८० हजार चांगल्या रस्त्यावरचं, धुळीत लवकर धुवा म्हणून तेच सांगतात. मायलेजचं म्हणाल तर अमेरिकेतल्या ओक रिज लॅबनं २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर तपासून बघितलंय, फिल्टर चोंदला तरी मायलेजला फरक नाही, फक्त जोरात दाबल्यावर पळायला कमी पडते. मग मोकळा घालून मायलेज कसं वाढणार? गोव्यावरनं येताना चोर्ला घाटात पिकअप जाणवला म्हणाला असता तर निदान वाद घातला असता, तवंदी घाट कसला ओ, आता सगळा सपाट करून ठेवलाय.

निपाणी_रायडर
तवंदीला सपाट म्हणणारा माणूस तिथं लोड गाडीमागं अडकलेला नसणार 🙏

जांबोटी_पाऊस
कुणी न विचारलेलं सांगतो. धुवायचा फिल्टर घेतलात तर जून ते सप्टेंबर धुवायचा विचार सोडा. आतल्या बाजूनं बाहेर हळू पाणी सोडून धुवायचा, हवा मारायची नाही, हेअर ड्रायर नाही, उन्हात ठेवून तापवायचा नाही, सावलीत आपोआप पूर्ण वाळला की मग तेल. आमच्याकडं जुलैत चड्डी वाळत नाही तर फिल्टर कसला वाळणार. आणि तोपर्यंत गाडी काय बिनफिल्टरची चालवणार? म्हणजे दोन घ्यायला लागतात, नाहीतर मधे कागदाचाच घालायचा.

कुंदा_प्रेमी
माझ्या गाडीत एसी लावला की कुबट वास यायचा, फिल्टर बदलल्यावर गेला. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागं असतो, स्वतः काढता येतो. तुम्ही पण तेच करून बघा.

मेस्त्री_उद्यमबाग
तो केबिनचा फिल्टर ताई, हा इंजिनचा. वेगळा.

पोरा, तुला एक विचारतो. फिल्टर महिन्यात लाल होतो म्हणालास, ते चांगलंच आहे, त्याचं कामच ते. कागदावर थोडी माती बसली की तो उलट जास्त बारीक अडवतो. सारखं सारखं झटकून कॉम्प्रेसरनं हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, ते जास्त वाईट. पण तुझी खरी तक्रार काय? गाडी ओढत नाही का? का नुसता फिल्टर लाल दिसतो म्हणून त्रास?

खानापूरचा_पोरगा
थोडी ओढत नाही. चढाला दुसऱ्यावरच जायला लागतं. म्हणून तर फिल्टर बदलायलोय. आधीच सांगितलं की.

टिळकवाडीकर
कुठं सांगितलात?

मेस्त्री_उद्यमबाग
असू द्या. आता एक काम कर, पैसे लागत नाहीत. इंजिन गार असताना एअर फिल्टरचा डबा उघड. फिल्टरच्या पलीकडची बाजू, म्हणजे टर्बोकडं (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जाणाऱ्या पाइपाची, तिथं पांढरं फडकं फिरव. सेन्सरला हात लावू नको. फडकं स्वच्छ आलं तर डबा बरोबर आहे. लाल आलं तर माती फिल्टरमधनं नाही, बाजूनं जायलीय.

निपाणी_रायडर
एवढं कशाला, फिल्टर घ्या की सरळ.

खानापूरचा_पोरगा
बघितलं आत्ता. फडकं लाल आलं. आणि डब्याची एक क्लिपच नाही, तिथं बांधकामाची काळी तार पिळून बांधलेली आहे. मागच्या सर्विसिंगला कुणीतरी केलेलं असणार, मला एका शब्दानं सांगितलेलं नाही. झाकण त्या कोपऱ्यात कागद सरकेल एवढं उचललेलं दिसतंय.

मेस्त्री_उद्यमबाग
मग तिथं सोन्याचा फिल्टर घातलास तरी उपयोग न्हाई. हवा सोपी वाट बघते. आधी वरचं झाकण क्लिपांसकट बदल, जुन्या स्पेअरच्या दुकानात चांगलं मिळालं तर तेही चालतं, फक्त वाकलेलं नको. फिल्टरच्या कडेचं रबर सगळीकडनं बसतंय का बघ. सेन्सर त्याच्याच स्प्रेनं साफ करायचा, कार्ब्युरेटर साफ करायचा क्लीनर मारायचा न्हाई. आणि रविवारी टर्बोचा पाइप काढून पंख्याची पाती घासलीत का ते तुझ्यासमोर बघायला सांग, एवढी माती गेली म्हणजे बघायलाच पाहिजे. पिकअपचं कारण तिकडंही असू शकतं, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, तोपण चोंदलेला असेल.

खानापूरचा_पोरगा
बरं. पण मग फिल्टर कुठला?

टिळकवाडीकर
कंपनीचा कागदाचा. तीन-चारशेची वस्तू आहे, तुमच्या रस्त्याला किलोमीटर न मोजता बघून बदला. कापसाचा, त्याचं क्लीनर, तेल, सगळं धरून जेवढे पैसे जातील तेवढ्यात कागद कैक वर्षं येतील. धुवायचाच हट्ट असेल तर बिनतेलाचा घ्या, निदान सेन्सर वाचेल. स्टीलच्या जाळीचा मात्र फुकट दिला तरी घालू नका, आपली माती त्यातनं आरपार जाते.

निपाणी_रायडर
मी अजून के अँड एनच म्हणतो.

खानापूरचा_पोरगा
कागदाचा आणि झाकण सांगतो मग. मेस्त्री मामा, काम झाल्यावर पिकअपचं काय ते लिहितो इथंच.

कुंदा_प्रेमी
आलंच आहे तर विचारते, ॲक्टिव्हाचा फिल्टर घरी धुतला तर चालतो का? तेलकट लागतो हाताला.

मेस्त्री_उद्यमबाग
न्हाई ताई. त्याच्या कागदाला कंपनीनंच तेल मुरवलेलं असतं. धुवायचा न्हाई, हवा मारायची न्हाई, भरला की सरळ नवीन घालायचा.